थान साहेबांचं वर्तुळ

आमच्या लष्करी संस्थेत कुठलंही हस्तलिखित छापायच्या आधी फिरतं. वर नावांची यादी असते. ज्यानं त्यानं वाचायचं आणि पेन्सिलीनं आपल्या नावाभोवती वर्तुळ काढायचं. वर्तुळ म्हणजे हरकत नाही. वीस वर्षांत मी अशी किती काढली, कोण जाणे. निम्मी तर न वाचताच.

फान गुरुजींनी दोन हजार वर्षांपूर्वीच्या युद्धग्रंथावर आजच्या काळासाठी भाष्य लिहिलं. तिसरं प्रकरण होतं रागाच्या भरात तटबंदीवर माणसं झोकून देणाऱ्या सेनापतीचं. उदाहरणाला त्यांनी सरहद्दीवरची आमचीच एक टेकडी घेतली. वळशाची वाट मोकळी असताना एका दुपारी समोरून पाच हल्ले. तळटीपेत मेलेल्या एकोणीस जणांची नावं. त्यात माझा धाकटा भाऊ, लुआन शीफंग. यादी मीच दिली होती, आणि आईला कळवूनही मोकळा झालो होतो की शीफंगचं नाव पुस्तकात येतंय.

फाईल थान साहेबांकडून परत आली. वर्तुळ नाही, नुसतं प्रश्नचिन्ह. आज ते संस्थेचे प्रमुख आहेत. त्या दुपारचे हुकूम त्यांचेच होते.

गुरुजींनी मला खोलीत बोलावलं. "शीलिन, टेकडी काढतोय, खालची नावंही. तिथं प्राचीन काळातला एखादा वेढा घालतो."

"घाला की! तिथल्या मेलेल्यांचे साहेब आज खुर्चीत बसलेले नाहीत."

"ओरडू नकोस, भिंती पातळ आहेत. अरे, समोरून धडक मारू नये, हेच तर ग्रंथ सांगतो. पुस्तक निघू दे. ज्याला कळायचं त्याला कळेल."

"म्हणजे तुम्ही वळसा घातलात. माझ्या भावाला कुणी घालू दिला नाही, गुरुजी."

त्यांचे डोळे भरले होते. मला दया आली नाही, चीड आली.

नवी फाईल निघाली. थान साहेबांचं वर्तुळ या वेळी चांगलं गरगरीत होतं. ते पाहून बाकीच्यांची एका दिवसात पडली. शेवटचं नाव माझं. फाईल तीन दिवस माझ्या टेबलावर पडून राहिली.

चौथ्या दिवशी कचेरीतल्या चोंग बाई म्हणाल्या, "काय रे शीलिन, पेन्सिल हरवली का? माझी घे!"

सगळे हसले. मीही हसलो आणि वर्तुळ काढलं. मी भित्रा आहे, दुसरं काय.

पुस्तक घेऊन गावी गेलो. सगळं सांगायचं असं गाडीत ठरवलं होतं. आईला वाचता येत नाही. भिंतीवर शीफंगचं हुतात्मा-प्रमाणपत्र आहे, त्यावर बघून बघून ती त्याच्या नावाची, आमच्या चित्रलिपीतली तीन अक्षरं तेवढी शिकली आहे. हात धुऊन, पुसून तिनं पुस्तक मांडीवर घेतलं.

"आई, ऐक—"

"पान सांगू नकोस हं! माझी मी शोधते." तिनं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

संध्याकाळी मी जेवायला हाक मारली तेव्हा ती एकेचाळिसाव्या पानावर होती. पुस्तक तीनशे बारा पानांचं आहे.