दुकानाखालचं दुकान

“चार विटा दिसायला लागल्यात,” चपला काढता काढता ह्यांनी जाहीर केलं. “भिंत असणार. नाहीतर ओटा.”

“आणि गाळ्याची चावी?” मी विचारलं.

“आणू गं उद्या.”

हे ‘उद्या’ महिनाभर चालू होतं. शिलाई मशीन दुरुस्तीचं आमचं दुकान भर बाजारात होतं. त्या जमिनीखाली एक प्राचीन शहर आहे आणि त्या शहराचाही भर बाजार नेमका तिथेच आहे, असा शोध लागला आणि आमची सगळी ओळ पाडली गेली. बदल्यात नव्या मार्केटमध्ये गाळा मिळाला. शनिवारपर्यंत चावी घेतली नाही तर तो दुसऱ्याला जाणार होता. पण हे सकाळी डबा घेऊन निघायचे ते थेट खोदकामाच्या कुंपणापाशी. दुकान गेल्यापासून ह्यांनी हत्याराला हात लावला नव्हता. खाली काय आहे, एवढाच ध्यास. हा माणूस असाच कुंपणाला टेकून म्हातारा होणार, असं मला वाटायला लागलं होतं.

शुक्रवारी मीच बरोबर निघाले, कान धरून मार्केटला न्यायचं ठरवूनच. वाटेत कुंपण लागलं आणि आतून खोदकामाच्या प्रमुख बाईंनी हाक मारली.

“काका, आत या की! किती दिवस बाहेरून मान वाकडी करणार?”

खड्ड्यात विटांचा ओटा होता. पुढची कड झिजून गुळगुळीत झाली होती.

“गिऱ्हाईकं इथे टेकत असणार,” बाई म्हणाल्या.

हे उकिडवे बसून कडेवरून हात फिरवत राहिले. खरं सांगते, मलाही राहवेना. पदर खोचून मी खाली उतरले आणि चावीचं साफ विसरले.

मग बाईंनी शेडमध्ये नेलं. तिथे प्रत्येक थरातलं सामान वेगळ्या ट्रेमध्ये ठेवलं होतं. पहिल्या ट्रेमध्ये गंजक्या सुया, बॉबिनी, तुटका पट्टा. वर चिठ्ठी: ‘वरचा थर. अलीकडचा कचरा.’

“कचरा?” माझा आवाज चढला. “आमचा संसार झालाय ह्याच्यावर!”

बाई ओशाळल्या. “चुकलंच, काकू. आम्ही सवयीनं लिहून जातो.”

“असू दे गं,” हे हसले. “झाडायचं राहून गेलेलंच आहे ते.” पण एक बॉबिन त्यांनी कितीतरी वेळ हातात धरून ठेवली, आणि मला रडू आलं.

शेजारच्या ट्रेमध्ये ओट्यावरचं सामान होतं. एक फुटकं वाडगं आणि दोन मणी.

“काय विकायचा हा?” ह्यांनी विचारलं.

“नाही सांगता येत. मणीवाला म्हणावं, तर दोनच मणी मिळालेत.”

“दुकान कशानं गेलं? आग? पूर?”

“राख नाही, गाळ नाही. चांगलं सामान उचलून नेलेलं दिसतंय. फुटकं तेवढं राहिलंय.”

ह्यांनी आळीपाळीनं दोन्ही ट्रेंकडे पाहिलं. “म्हणजे दुसरीकडे जाऊन बसला असेल.”

“असेल. पण कुठे, ते इथे खोदून नाही कळायचं.”

ह्यांनी बॉबिन पहिल्या ट्रेमध्ये होती तिथेच ठेवली. कुंपणाबाहेर पडल्यावर मात्र मागे वळून पाहिलं नाही.

“मार्केटचं ऑफिस किती वाजेपर्यंत असतं गं?”

“का हो?”

“चावी घेऊन टाकू. गाळ्यात उजेड कुठून येतो तेही बघायला हवं. सुईत दोरा ओवताना हल्ली नीट दिसत नाही मला.”