फानोच्या बदल्यात

फारे गावच्या बाजारात दाढीवाला हर्मीस देव उभा आहे, दगडाचा. त्याच्या कानात आपला प्रश्न कुजबुजायचा, दोन्ही कान हातांनी गच्च दाबायचे, बाजाराबाहेर यायचं आणि मगच हात काढायचे. जे पहिलं बोलणं कानी पडेल, तो देवाचा कौल. बोलणारा कोण, कसा, याची चौकशी देव करत नाही.

खेचरांचा व्यापारी स्कोपास याची एकुलती एक लेक फानो तापानं फणफणली होती. बिनआईची पोर. बापाचा जीव तिच्यासाठी तीळतीळ तुटत होता, पण घासाघीस करायची खोड काही सुटत नव्हती. देवाला विचारायचं होतं, 'हिला वाचवायला बदल्यात काय घेशील?' आणि उत्तर मात्र त्यानं स्वतःच ठरवून टाकलं होतं.

"वहिनी, तुम्ही बाजाराच्या तोंडाशी उभ्या राहा. मी हात काढले की म्हणायचं, 'एक काळा बोकड.'"

"भावजी, देवाला फसवताय?" मिर्टो म्हणाली.

"फसवतोय कुठे? देणारच आहे की बोकड!"

"तो लंगडा?"

"देवाला काय त्याच्याशी शर्यत लावायचीय?"

मग त्यानं अख्ख्या गल्लीला दम भरला, "मी हात काढताना वहिनीशिवाय कोणी ब्र काढला, तर दात घशात घालीन."

दिवेलागणीला त्यानं धूप जाळला आणि देवाच्या कानाला तोंड लावलं. दगड कोमट लागला. कोणीतरी मान जराशी कलती करून ऐकतंय, असं त्याला वाटलं. कान दाबून तो तसाच बाहेर आला.

गल्ली माणसांनी भरलेली, सगळ्यांचे ओठ मिटलेले. त्यानं हात काढले.

कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. मिर्टोनं तोंड उघडलं. ओठ हलले, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, पण आवाज फुटेना. तिनं पुन्हा जोर लावला. तिच्या डोळ्यांत भीती दाटली, जणू आतूनच कोणी तिचा गळा आवळत होतं.

तिकडे पोर शेवटचे श्वास घेत असेल! स्कोपासचं डोकं सणकलं.

"अहो, बोला की! सगळे मेले का काय इथे?"

स्वतःचाच आवाज त्याच्या कानात शिरला. पहिला.

मिर्टोचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. कोळिणीची सुरी माशात अर्ध्यावर थांबली. कुंभार लाकोनची पापणी लवेना. स्कोपासनं वहिनीचा हात धरला. हात बर्फासारखा गार पडला होता.

तो धावत घरी आला. फानो अंथरुणात उठून बसली होती, अंगात तापाचा मागमूस नव्हता.

"बाबा, भूक लागलीय. मिर्टोकाकूला सांग ना, जवाची पेज कर म्हणून."

उभ्या आयुष्यात कधी गप्प न बसलेल्या स्कोपासनं तोंड उघडलं आणि घाईघाईनं मिटून घेतलं.

"बाबा, बोलत का नाहीस?"

त्यानं नुसती मान हलवली. मग वाट पाहून कंटाळलेली फानो स्वतःच उठली, खिडकीशी गेली आणि बाहेर वाकून हाका मारू लागली, "काकू! ए काकू! लाकोनआजोबा! अहो, कोणीतरी ओ द्या ना!"