आत उघडणारं दार

बाथरूममध्ये साबणाची डबी पडली. प्लास्टिकचीच, तिचा आवाज तो काय असणार. पण दुपारचं घर इतकं गप्प होतं की माझ्या हातातली पेन्सिल रेघ सोडून भलतीकडेच गेली. मी खुर्ची सरकवून उठेपर्यंत पॅसेजमधून माझ्या लेकीचा आवाज आला.

"आजी, आहेस का?"

"आहे गं बाई. जाते कुठे?"

"मग गाणं का बंद केलंस?"

"साबण शोधू की गाऊ?"

"दोन्ही कर."

पाणी पुन्हा वाजायला लागलं, त्याच्या मागून आईंचं बेसूर गुणगुणणं. मी खाली बसले. 

आईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, आंघोळ गेलं वर्षभर अशी चालते. दाराला कडी नाही. दार पुरतं लावायचंही नाही, फटीत एक जुनी चप्पल अडकवायची. बाहेर बुटक्या स्टुलावर पहारेकरी म्हणून मुंगी. मुंगी म्हणजे माझी लेक. पहिलीत आहे आणि दिवसभर काही ना काही इकडून तिकडे वाहून नेत असते, म्हणून मुंगी. आजीने आत सतत आवाज करायचा आणि हिने बाहेर ऐकायचं, असा त्या दोघींचा करार आहे. मुंगी शाळेत असली की आई आंघोळ टाळतात. "आज अंग जरा कसंसंच आहे," म्हणतात.

बाबा, माझे सासरे, याच बाथरूममध्ये पडले. दार आत उघडणारं, आणि ते पडले ते नेमके दारामागे. माझ्या नवऱ्याने आधी हाताने ढकललं, मग खांद्याने. बोटभर फट पडायची, आतून बाबा कण्हायचे आणि हा झटका बसल्यासारखा मागे व्हायचा. पुन्हा ढकलायचा, पुन्हा मागे. दार आत उघडणारं असलं की बिजागऱ्याही आतच असतात, त्यामुळे बाहेरून खोलायला काही नव्हतं. शेजाऱ्यांनी पहार आणून चौकट फोडली, तोवर आतलं कण्हणं थांबलं होतं.

नंतर घरात माणसं यायला लागली. बाथरूमला दार तर हवंच. कोणीतरी सुताराला बोलावलं, त्याने नवी चौकट ठोकली आणि होतं तसं दार बसवून दिलं. आत उघडणारं. त्या दिवसांत कोण बघतंय?

मी बघायला लागले ते ड्राफ्टिंगच्या, म्हणजे घरांचे नकाशे काढायच्या, वर्गाला जायला लागल्यावर. मुंगी शाळेत असते त्या वेळात हा वर्ग असतो, म्हणून तर जमतं. सुरुवातीचे दिवस नुसत्या रेघा. नकाशात आडव्या कापलेल्या भिंतीची जाड रेघ, खाली दिसणाऱ्या गोष्टींची बारीक, डोक्यावर असलेल्या माळ्याची तुटक. घरी दाखवलं तर नवरा म्हणाला, "फी भरून रेघोट्या?" आई म्हणाल्या, "तुझ्यापेक्षा बऱ्या काढते, गप बैस." मग प्लॅन, सेक्शन म्हणजे घराचा उभा छेद, दारंखिडक्यांचा तक्ता. त्यात दाराचं चिन्ह आलं: उघडलेल्या दाराची एक सरळ रेघ, आणि ते उघडताना जिथून फिरतं तिथे पाव वर्तुळ. सर त्याला दाराचा फेर म्हणतात. तो फेर पहिल्यांदा कंपासने काढला आणि मला आमच्या बाथरूमचं दार दिसलं.

तेव्हापासून मी नवऱ्याच्या मागे लागले होते. दार फिरवून घेऊ या, बाहेर उघडणारं करू या.

"बाहेर कुठे उघडणार?" तो म्हणायचा. "समोर चपलांचं कपाट आहे. पॅसेज केवढासा."

"बघू तरी."

"त्यात बघायचंय काय? नाही बसत म्हणजे नाही बसत."

आणि उठून जायचा. त्या दारापाशी आला की तो अजूनही तळव्याने ढकलत नाही. दोन बोटांनी लोटतो, जणू पलीकडे कोणी झोपलंय.

परवा आईंना ओट्यापाशी भोवळ आली. भिंत धरली म्हणून सावरल्या, हसल्यासुद्धा. मला हसू आलं नाही. आई कधी आत पडल्या, तर दाराबाहेर स्टुलावर माझी मुलगी असेल. सहा वर्षांची. दार तीच ढकलेल.

वर्गात शेवटचं काम म्हणून प्रत्येकाला राहतं घर मोजून काढायला दिलं होतं. टेप धरायला मुंगी होती. "शून्य भिंतीला घट्ट धर, सोडू नकोस," मी म्हटलं.

"शून्य म्हणजे काहीच नाही ना? मग धरू काय?"

"तू धर गं. सगळं घर त्याच्यावर उभं आहे."

तिने दोन्ही हातांनी धरलं, जीभ दातांत चावून.

काल ते ड्रॉइंग सरांपुढे ठेवलं. आमच्या सरांच्या शर्टाच्या खिशात कायम खोडरबर असतं, म्हणून वर्गात त्यांचं नाव रबरसर. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागदाला नाक लावलं आणि बोट बाथरूमवर थांबवलं.

"बाई, हे दार बाहेर उघडतंय."

"हो सर."

"आणि तुम्ही सोबत जोडलेल्या, बाहेरून काढलेल्या फोटोत बिजागऱ्या दिसत नाहीयेत. बाहेर उघडणाऱ्या दाराच्या बिजागऱ्या बाहेरून दिसतात. म्हणजे एक तर फोटो दुसऱ्या घरचा, नाही तर ड्रॉइंग."

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "दोन्ही शेजारच्यांचं असेल." हशा झाला.

"सर, मला ते आत काढता येत नाही."

"येत नाही काय? कंपासचं टोक इकडे ठेवायचं आणि—"

"काढता येतं," मी म्हटलं. "हात होत नाही." आणि दोन वाक्यांत सांगून टाकलं. मागचा हशा कधी थांबला कळलं नाही.

सरांनी खिशातलं रबर काढलं. मला वाटलं पुसतात. पण त्यांनी ते माझ्यासमोर ठेवलं.

"पुसायचं तुम्हीच. हे घर जसं आहे तसं दाखवणारं ड्रॉइंग आहे, बाई. उद्या हे घेऊन कोणी कामाला आलं, तर त्याला घरात दुसरंच दार सापडेल. आधी आहे ते काढा. बदलायचंय ना? मग त्याला वेगळा कागद." जाताजाता वळून म्हणाले, "दोन्ही कागद आणा. वाट बघतो."

तेच काढत बसले होते, तेव्हा साबणाची डबी पडली.

चुकलेली रेघ पुसली. कंपासचं टोक बिजागरीच्या जागी टेकवलं आणि फेर आत घेतला. बाहेर मुंगी आजीला पाढे म्हणायला लावत होती, आजी मुद्दाम चुकत होती. भिंतीपासून निघालेली रेघ वळत वळत समोरच्या भिंतीजवळ जाऊन टेकली. मग मी बेसिन काढलं, संडासचं भांडं काढलं, आणि उरलेल्या जागेकडे बघत राहिले. उरलेली अशी जागाच नव्हती. मोकळी फरशी म्हणजेच दाराचा फेर. त्या खोलीत माणूस कुठेही पडला असता तरी दाराच्या वाटेतच पडला असता. रोज पुसते ती फरशी. पण वरून, सगळी एकदम, मी ती कधी पाहिलीच नव्हती.

दुसऱ्या कागदाला हात घातला तो आई केस पुसत बाहेर आल्यावर. दार बाहेर काढलं तर खरंच कपाटावर आपटत होतं. नवरा खोटं बोलत नव्हता. मग बिजागरी दुसऱ्या बाजूला घेतली, कपाट पॅसेजच्या टोकाच्या खिडकीखाली सरकवलं. दार भिंतीला पाठ लावून निमूट उभं राहिलं.

संध्याकाळी नवरा कामावरून आला, चहाचा कप टेकवायला जागा शोधताना त्याची नजर कागदावर पडली. कप हातातच राहिला.

"हे आपलं घर?"

"हो."

"आणि ही गोल रेघ?"

"दार फिरतं ती जागा."

तो खूप वेळ बघत होता. मग बोट त्या पाव वर्तुळात ठेवलं. बोटाखाली बाथरूमची जवळजवळ सगळी फरशी झाकली गेली.

"म्हणजे बाबा..."

"कुठेही पडले असते तरी दारामागेच."

"मी जोर लावला असता तर?" त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "थांबलो नसतो तर? एकदाच, जोरात?"

"तरी नसतं उघडलं रे."

एवढं काही ड्रॉइंगवरून कळत नाही. त्यात भिंती असतात, मापं असतात; माणसाचं वजन आणि ढकलणाऱ्याचा जोर नसतो. पण मी ते सरांना दाखवायच्या कागदावर लिहिलं नव्हतं. माझ्या नवऱ्याला सांगितलं होतं.

त्याने कप खाली ठेवला, चुकून कागदावरच. तळाचा ओला गोल उमटला. "सॉरी, सॉरी," म्हणत बाहीने टिपायला लागला, टिपतच राहिला. मी त्याचा हात धरला, तेव्हा थांबला. आतल्या खोलीतून आईंचा रेडिओ ऐकू येत होता.

"कपाट हलवायला लागेल," तो शेवटी म्हणाला.

"खिडकीखाली बसतंय. बघ, दुसऱ्या कागदावर."

"सुताराला सांगतो."

सुट्टीच्या दिवशी सुतार आला. माझा कागद उलटासुलटा करून म्हणाला, "वहिनी, हे असं आधीच लिहून मिळालं तर आमचं डोकं कोण खाणार?" नवऱ्याने एकट्याने कपाट सरकवलं. दार उतरवताना फळीची खालची बाजू त्याने धरली आणि सुतार सोड म्हणेपर्यंत सोडली नाही. आई मधेमधे येऊन बघत होत्या, परत जात होत्या. बिजागऱ्या बाहेर आल्या, स्क्रू बसले, चौकटीची एक कड जरा तासली. भात शिजायच्या आत काम झालंसुद्धा.

सुतार गेल्यावर आईंनी दार ओढून पाहिलं. मग आत गेल्या आणि लावून घेतलं. पुरतं. पाण्याचा आवाज आला, गाण्याचा नाही.

मुंगी सवयीने स्टूल घेऊन आली होती. आता काय करायचं ते तिला कळेना. तिने नव्या बिजागरीवरून बोट फिरवलं, खाली पडलेला लाकडाचा एक कपचा उचलून मुठीत घेतला.

"झालं? एवढंच?"

"हो, एवढंच."

ती विचार करत दाराकडे बघत राहिली. तिचा बाबा तिथेच खाली वाकून भुसा गोळा करत होता. त्याचा हात थांबलेला मला दिसला.

"आई," ती म्हणाली, "मग आजोबा होते तेव्हा का नाही केलं?"