अकरावा कॉल

“दहाच कामं म्हणालीस ना? मग हा अकरावा कॉल कुणाचा?” साहेबांनी पडद्यावर बोट टेकवलं.

लिफ्ट दुरुस्तीच्या त्या कंपनीत जुना सर्व्हर त्या दिवशी दुपारी बारा वाजता बंद व्हायचा होता. नवा तिने लिहिला होता. लिफ्टनी लांबून एकेका कामाचं नाव घेऊन हाक मारायची, सर्व्हरने ते काम करून उत्तर धाडायचं. जावास्क्रिप्टच्या चिमुकल्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे तयार सांगाड्यात, हे सगळं तिने दोनशे ओळींत बसवलं. जुन्याच्या ओळी नऊ हजार. तो दादांनी लिहिलेला. दादा तिचे वरिष्ठ, दीड वर्षापूर्वी गेले. माणूस गेला तरी त्याचा सर्व्हर रोज हजर. हयात मंडळींत इतकं नियमित कुणी नव्हतं.

अकरावं काम होतं ‘आहेस का’. रोज दुपारी सव्वा वाजता एकच कॉल, खालच्या रेकॉर्ड विभागातून. उत्तर ठरलेलं: ‘आहे. तू जेवून घे.’

त्या विभागात दादांची बायको बसे.

“लिफ्टचा नाही ना? काढून टाक,” म्हणून साहेब चहाला गेले. कठीण निर्णय ते नेहमी चहाआधी उरकत.

ती खाली गेली. वहिनी फायलींना दोरे बांधत होत्या.

“वहिनी, तो सव्वाचा कॉल... आजपासून ‘असं काम सापडत नाही’ असं येईल.”

वहिनींचे हात थांबले. “सापडलं तर तुला. त्याला म्हटलं होतं, कुणीतरी हसेल.”

“हसले नाही हो. नव्यात घालते मी. दोन ओळींचं काम.”

“आणि उत्तर कोण देणार, तू?”

“शब्द त्यांचेच ठेवीन.”

“नको गं. तो मेलाय हे मला ठाऊक आहे, दाखला मीच आणला. पण ते त्याने टाइप केलं होतं. तुझ्या हातचं मला कळेल.” त्यांनी दोरा दातांनी तोडला. “उत्तराशिवाय नुसती हाक मारता येते का?”

येत होती. उत्तर कुठल्या कॉलचं हे कळावं म्हणून प्रत्येक कॉलला क्रमांक असतो; तो लावला नाही, की सर्व्हर ऐकून घेतो आणि गप्प बसतो.

तिने वहिनींच्या कॉम्प्युटरवर त्या कॉलचा क्रमांक काढून टाकला. वर येऊन नव्या यादीत अकरावं नाव घातलं. आत काहीच लिहिलं नाही. मग जुना सर्व्हर बंद केला.

सव्वा वाजता नोंदीत ओळ उमटली: ‘आहेस का’. सर्व्हर गप्प. तिची बोटं मात्र आपसूक कीबोर्डवर गेली, जणू मागे उभं राहून कुणीतरी उत्तर सांगत होतं. तिने हात मांडीवर घेतले.

कॉलसोबत मजकूर धाडायची सोय पहिल्यापासून होती. वहिनींनी ती कधी वापरली नव्हती. चौथ्या दिवशी मजकूर आला: ‘गीझर पुन्हा बिघडलाय. अजून कुणाला बोलावलं नाही. आणि ऐक...’

पुढे बरंच होतं. तिने पडदा खाली सरकवून ते वाचलं नाही. त्या एका कामापुरती नोंद ठेवणंच बंद केलं.

आता सव्वाला सर्व्हरवरच्या कामाचा आलेख सुईच्या टोकाएवढा वर जाई आणि उतरे. तेवढा वेळ ती खुर्ची मागे सरकवून, तोंड फिरवून बसे. दोघं बोलत असताना तिसऱ्याने बसावं तशी.