प्रादेशिक स्थैर्य आणि सतरा सत्कार

‘पश्चिम आशियातील संकट आणि प्रादेशिक स्थैर्य’ या चर्चासत्राची वेळ दहाची होती, म्हणजे साडेअकराला दीपप्रज्वलन झालं. आप्पा मात्र मोहोळहून पहिल्या एसटीने येऊन नऊलाच सभागृहात बसले होते. त्यांची वैष्णवी आखातात नर्स. चार दिवस विमानतळ बंद, पोरगी इस्पितळाच्या तळघरातून फोन करत होती. उद्या एक विमान सुटणार होतं, त्याची यादी आज संध्याकाळी बंद. प्रमुख पाहुणे निवृत्त राजदूत. तिथल्या वकिलातीत त्यांचा शब्द चालतो, असं चर्चासत्राचे संयोजक प्राध्यापक सोमशेखर म्हणाले होते. म्हणून आप्पांच्या खिशात चिठ्ठी होती. नाव आणि पासपोर्ट नंबर.

“सर, तेवढा एक फोन लावा म्हणावं की त्यास्नी.”

“लावतील, आप्पा. सत्कार तेवढे उरकू द्या.”

सत्कार सतरा निघाले. पाहुण्यांचा, अध्यक्षांचा, अध्यक्षांच्या व्याह्यांचा, माईकवाल्याचा. प्रत्येकाला चादर आणि नारळ. फोटोत डोळे मिटले म्हणून अध्यक्षांना दुसऱ्यांदा पांघरली. मग पाहुणे पन्नास मिनिटं बोलले. परिस्थिती गुंतागुंतीची आहे, सर्व बाजूंनी संयम बाळगावा.

आप्पा बाळगून होते.

भाषण संपल्यावर सोमशेखरांनी चिठ्ठी व्यासपीठावर पोचवली. तिथे पाहुण्यांना आग्रहाने कडक भाकरी आणि शेंगाचटणी चाखवणं चाललं होतं. त्यांनी चिठ्ठी वाचली, गंभीरपणे मान हलवली, आणि चटणीच्या तेलाची बोटं तिलाच पुसली.



“आपल्यात एक संकटग्रस्त पिता उपस्थित आहेत,” सोमशेखर माईकवर म्हणाले. “त्यांचाही यथोचित सत्कार व्हावा.”

आप्पा वर गेले. चादर घेतली, नारळ घेतला आणि माईकही घेतला.

“सायेब, कागदाला तेल लागलंय, म्हणून तोंडी सांगतो. लिवून घ्या.” आणि त्यांनी पासपोर्ट नंबर एकेक आकडा करून वाचला, दोनदा.

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. पाहुण्यांनी उभं राहून हात जोडले. त्यांना अक्कलकोटचं दर्शन करून गाडी गाठायची होती. या हृदयस्पर्शी मनोगताबद्दल सोमशेखरांनी आभार मानले.

तेवढ्यात आप्पांचा मोबाईल वाजला.

“आप्पा, लावला का त्यांनी फोन?”

आप्पांनी चादर आणि नारळ अध्यक्षांच्या मांडीवर ठेवला.

“न्हाय गं. टाळ्या वाजवल्या. थांब, त्यांच्या मोटारीम्होरं जाऊन बसतो.”