टोपी उतरली की

“टोपी डोक्यावर आहे तोवर कुणी जागा सोडायची नाही. मी टोपीच्या काठाला हात लावला, तर त्या बाजूचा एकटा धावेल. आणि टोपी उतरली, की सगळ्यांनी मिळून त्यांच्या चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर तुटून पडायचं. तेव्हा मागे राखायला कोण राहतं?”

“कुणीच नाही, कोच!” अकरा पोरं ओरडली.

“म्हणूनच मी ती फारशी काढत नाही. चला, पळा आता, गाढवांनो!”

व्हर्लिन स्ट्राउडचं ब्लिट्झचं, म्हणजे एकदम तुटून पडण्याचं, शास्त्र एवढंच. तेरा वर्षांच्या पोराच्या डोक्यात तीन गोष्टी मावतात, चौथी कोंबली की पहिली कानातून बाहेर पडते, असं त्याचं ठाम मत होतं. अठरा वर्षं गावच्या शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाला बचावाचे इशारे तो देत आला होता, तेही फुकट. दिवसभर धान्याच्या कोठारावर ट्रकांची वजनं करायची आणि संध्याकाळी डब्यातलं सूप गरम करून टीव्हीसमोर बसायचं, असं त्याचं आयुष्य. ऑगस्ट ते ऑक्टोबर हे तीन महिने सोडले, तर त्याला हाक मारणारं कुणी नव्हतं.

आता तेही सुटायच्या बेतात होतं. मुख्य कोच टायसन प्रुइट हा दोन वर्षांपूर्वी तल्सा शहरातून आलेला विज्ञानाचा तरुण मास्तर. सकाळीच तो म्हणाला होता, “व्हर्लिन, राग मानू नका. पण आता सगळीकडे पोरांच्या मनगटाला डाव लिहिलेल्या पट्ट्या असतात. आकडा ओरडला की काम झालं. हा टोपीचा खेळ किती दिवस चालवायचा? आज जिंकलो तर पुढच्या वर्षीही इशारे तुमचेच. हरलो, तर मग मी बघतो.”

“बघ की,” व्हर्लिन म्हणाला होता.

आणि नेमका आजच लोर्नाचा दफनविधी. पोस्टाच्या खिडकीत उभं आयुष्य काढलेली लोर्ना बावीस वर्षं व्हर्लिनची बायको होती आणि नंतर एकोणीस वर्षं ड्वाइट हॅस्केलची. “तुझ्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं, ती निदान मधेच उठून जात नाही,” असं म्हणून ती गेली होती. खरंच होतं ते! चर्चमध्ये पुढच्या बाकावर नवरा बसतो, मागे नातेवाईक, त्यांच्या मागे सगळं गाव. सोडलेल्या नवऱ्याचं बाक कुठल्याच चर्चमध्ये नसतं. व्हर्लिनने दुपारी काळा कोट अंगात घातला, आरशात पाहिलं, परत काढून ठेवला आणि तो मैदानावर आला.

शेवटची दोन मिनिटं उरली. चौदा-बारा, आपण पुढे. चेंडू समोरच्या संघाकडे, पण गुणांच्या रेषेपर्यंत त्यांना अजून तीस यार्ड जायचे होते. व्हर्लिनने टोपी घट्ट बसवली. पोरांनी फक्त जागा धरून ठेवली की झालं. सामना आपला आणि पुढचं वर्षही आपलं.

तेवढ्यात कुंपणापलीकडच्या रस्त्यावर लोर्नाची शवपेटी नेणारी, दिवे लावलेली काळी गाडी वळली. तिच्या मागे दुसरी, तिसरी. रांग संपेना. साऱ्या गावाला पत्रं देणारी बाई, गाव येणारच. बाकड्यांवरची माणसं उभी राहिली, भराभर टोप्या उतरल्या. इथे माणूस असंच करतो आणि शेवटची गाडी जाईपर्यंत टोपी घालत नाही.

व्हर्लिनने मैदानाकडे पाहिलं. त्याचा मधला गडी ब्रॅन्सन त्याच्याच डोक्याकडे डोळे लावून होता. काय होणार ते व्हर्लिनला स्वच्छ दिसत होतं.

त्याने टोपी काढली.

पोरं सुटली. क्वार्टरबॅकला चेंडूसकट जमिनीवर लोळवलं. बाकड्यांवरून आरोळी उठली, पण दबकी.

“झकास! आता घाला ती,” प्रुइट म्हणाला.

टोपी छातीशीच राहिली. पोरं पुन्हा तुटून पडली. घाबरलेल्या क्वार्टरबॅकने चेंडू मैदानाबाहेर भिरकावला.

“अहो व्हर्लिन! त्यांच्या लक्षात आलंय आता. मागे सगळं रान मोकळं आहे! इतरांनी काढली तर ठीक, तुम्ही काय म्हणून? तुमची कोण लागत होती ती?”

कागदावर तर कुणीच नाही.

“टोपी घाला म्हणतो ना मी!”

“अजून गाड्या आहेत,” व्हर्लिन म्हणाला.

तिसऱ्यांदा अकराच्या अकरा धावले. क्वार्टरबॅकने चेंडू त्यांच्या डोक्यावरून अलगद टाकला. पलीकडचा एक काटकुळा पोरगा तो घेऊन एकटाच पळत सुटला, आणि त्याला अडवायला मागे कुणीही नव्हतं. तो रेषा ओलांडून गेला तेव्हा रांगेतला शेवटचा ट्रक वळणाआड होत होता. मग व्हर्लिनने टोपी घातली.

सामना हरल्यावर प्रुइटने बुटाच्या टोकाने गवत उकरलं. “पुढच्या वर्षी पट्ट्या आणू,” एवढंच बोलला.

“आण.”

ब्रॅन्सन हेल्मेट हातात घेऊन आला. डोळे लाल झाले होते. “कोच, टोपी खाली होती म्हणून आम्ही गेलो. चुकलं का आमचं?”

“अजिबात नाही रे. इतके चांगले तुम्ही कधीच धावला नव्हता.” त्याने ब्रॅन्सनच्या पाठीवर थाप मारली. “जा, आई थांबली असेल.”

मैदान रिकामं झालं. व्हर्लिनने खुणेचे शंकू गोळा केले, पाण्याचे डबे उपडे केले आणि तो कुंपणापाशी जाऊन उभा राहिला. अर्ध्या मैलावर टेकाडावरच्या दफनभूमीत गाड्या अजून उभ्या होत्या. त्याला फार एकटं वाटलं.

त्याने पुन्हा टोपी काढली. या वेळी कुणीच धावलं नाही.