मिळून आला नाही

नागोराव बेलिफानं किसनरावच्या समन्सावर दोन वेळा एकच शेरा लिहिला होता : ‘इसम गावी मिळून आला नाही. कोठे गेला ते घरचे सांगत नाहीत.’ दोन्ही वेळा तो शेरा लिहिला जात असताना किसनराव त्याच्यासमोर बसून पान लावत होता. दुसऱ्या वेळी तर दौतसुद्धा त्यानंच आतून आणून दिली होती.

तालुक्याच्या कोर्टात नागोरावची एकवीस वर्षं नोकरी झाली होती. समन्स, नोटिसा, जप्तीचे हुकूम खाकी पिशवीत घालून गावोगाव पायपीट करायची आणि परत येऊन कोर्टाचा कारभार पाहणाऱ्या नाझरापुढं अहवाल ठेवायचा, हे त्याचं काम. पैशाला तो कधी शिवला नव्हता आणि ते तो चारचौघांत सांगतही असे. जेवत मात्र असे. उन्हातून दोन कोस चालत आलेल्या माणसाला कुणी ताट वाढलं तर त्यात काय बिघडलं, असं त्याचं म्हणणं. मग जेवण झाल्यावर यजमान हळूच म्हणे, ‘घरी नव्हतो म्हणून लिहा नं जी,’ आणि नागोराव लिही. पुढली तारीख पडे. तारखा पडून पडून समोरचा माणूस थकला की दावा आपोआप निकालात निघे.

किसनराव हा सावळखेडचा मोठा कास्तकार. दावा लावला होता त्याच्या बायकोनं, धुरपताबाईनं. नवऱ्यानं मारून घराबाहेर काढलं, सबब पोटगी मिळावी, एवढीच तिची मागणी. तिच्याकडे वकील नव्हता. कोर्टाची फी भरायची ऐपत नव्हती म्हणून नादार असल्याचा अर्ज होता आणि कोर्टानं तो मानला होता. हे सगळं तिला सुचवलं होतं विमलताईंनी.

विमलताई बोरी अरबला ग्रामसेविका होत्या. दर बुधवारी दुपारी त्या देवळामागच्या पडवीत बायका जमवत. शिवण, लेकरांचं दूधपाणी, खोकल्यावरचे उपाय असं सगळं सांगून झालं की शेवटी एक वही उघडत. हिंदू बायकांसाठी सरकारनं नवे कायदे करून दोन-तीनच वर्षं झाली होती. त्यांतलं काय आपल्या कामाचं, ते त्या वाचून दाखवत. स्वतःला अडलं की यवतमाळच्या एका म्हाताऱ्या वकिलांना कार्ड टाकत. ते वकील मोतीबिंदूनं घरी बसले होते, पण नातीकडून उत्तर लिहवून पाठवत आणि कधी एक आणा मागितला नव्हता. बोरीजवळ भावाच्या गोठ्याशेजारी राहून कापूस वेचणारी धुरपताबाई अशीच एका बुधवारी पडवीच्या टोकाला येऊन बसली होती.

दुसरा शेरा कोर्टात आल्यावर विमलताई तिला घेऊन थेट नाझराकडे आल्या. नागोराव तिथंच पिशवी भरत होता.

“आता या वेळी बाई स्वतः बेलिफाबरोबर जातील,” विमलताई अर्ज पुढं ठेवत म्हणाल्या. “माणूस दाखवून देतील. तसं चालतं ना?”

नाझरानं चष्मा वर केला. “कोणी सांगितलं तुम्हाला?”

“चालतं की नाही, ते सांगा.”

“चालतं,” नाझर नाराजीनं म्हणाला. “पण बाईमाणूस, एवढं चालायचं…”

“ती त्याच वाटेनं रक्ताळलेल्या हातानं चालत आली होती. जाईल.”

नागोरावच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्याला त्या दोघींचा राग आला; आपल्या कामात कुणी हात घातल्यासारखं वाटलं. पण नाझरानं अर्जावर शेरा मारला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं तो धुरपताबाईला घेऊन निघाला.

फाट्यावर उतरल्यावर दोन कोसांची पायवाट होती. दोन्ही बाजूंना वेचणीचा कापूस, मधून मधून तूर. धुरपताबाई दहा पावलं मागून चालत होती. पस्तिशीची असेल, पण चालणं म्हातारीचं. अर्ध्या वाटेवर नाल्याच्या काठी नागोराव पाणी प्यायला थांबला तेव्हा तीही थांबली.

“तुमी दोन खेपा आलते,” ती म्हणाली. “मले मालूम हाये.”

“सरकारी काम आहे, बाई. यावं लागते.”

“पयल्या खेपेले वांग्याची भाजी होती. दुसऱ्या खेपेले बकऱ्याचं मटन.” तिच्या आवाजात राग नव्हता. बाजारात काय मिळालं ते सांगावं तशी ती सांगत होती. “घरची मोलकरीन मले भेटते. ते सांगे, बेलिफ दोनदा रस्सा मागून जेवला म्हनून.”

नागोरावनं नुसताच रुमाल झटकला. पाणी पिऊन झालं होतं, तरी तो उठला नाही. काहीतरी विचारायचं म्हणून त्यानं विचारलं, “हाताले काय झालं?”

तिनं डावा हात पुढं केला. अंगठा होता, पण त्याला नख नव्हतं आणि पेर नव्हतं. चपटा, काळपट, वाळलेल्या सालीसारखा. नागोरावला एकदम तिच्या दाव्याचा कागद आठवला. ‘निशाणी डावा अंगठा’ अशी अक्षरं आणि वर नुसता शाईचा डाग, एकही रेघ नसलेला. कारकून तो डाग पाहून हसला होता. नागोरावही हसला होता.

“माह्या बापानं दोन एकर वावर माह्या नावानं करून देल्लं होतं,” ती म्हणाली. “ते विकाचं होतं यायले. कागद आनला, म्हने अंगठा दे. मी म्हनलं नाई देत. तीन दिवस मारलं. चौथ्या दिवशी म्हने, वावर देत नाई त अंगठा कायले पाह्यजे तुले. हात पाट्यावर धरला आन् वरवंटा हानला. सासू पाय धरून बसली होती.”

तिनं हात पदराखाली घेतला.

“मंग मले वाड्याबाहेर काढलं. पाटा धुतला असन त्यायनं. मोलकरीन सांगे, आजून त्याच्यावरच मसाला वाटतेत. घरात पाटा एकच हाये, जी.”

नागोरावच्या जिभेवर तो रस्सा परत आला, खसखस आणि खोबरं घालून बारीक वाटलेला, ज्याची त्यानं घरी जाऊन बायकोजवळ तारीफ केली होती. तो उठून पळसाच्या झुडपाआड गेला आणि ओकला. पोटात सकाळच्या चहाशिवाय काही नव्हतं, तरी उमासे थांबेनात. डोळ्यांतून पाणी आलं. धुरपताबाई पाठ करून उभी राहिली होती. त्याला तिची शिसारी येत नव्हती, किसनरावचीही तेवढी नाही, जेवढी त्याला त्याच्या स्वतःच्या तोंडाची, दातांची, बोटांची आली. गेल्या एकवीस वर्षांत कुणाकुणाच्या घरी काय काय खाल्लं, ते त्याला आठवायला नको होतं आणि ताटं एकामागून एक डोळ्यांपुढं येत होती. जेवू घालणाऱ्या त्या घरांतल्या बायका दारामागं उभ्या असत. त्यांच्याकडे त्यानं कधी मान वर करून पाहिलं नव्हतं.

चूळ भरून तो पुन्हा वाटेला लागला. आता धुरपताबाई मागं नव्हती, बाजूनं चालत होती.

किसनराव ओट्यावरच बसला होता. गोरापान, हसतमुख, कपाळाला गंध. “या, नागोराव, या. आज उशीर झाला तुमाले. पाट मांडलाच हाये.” मग त्याला मागं उभी असलेली बायको दिसली. हसू गेलं नाही, फक्त आखडलं. “ही बाई कोन आनली संगं?”

“दाव्यातली वादी आहे. ओळख पटवायला आली,” नागोराव म्हणाला.

“किसनराव घरी नाई. परगावी गेला. लिहा तसं,” किसनराव स्वतःच म्हणाला.

धुरपताबाईनं तो हात उचलून त्याच्याकडे दाखवला. तिनं तो खाली घेतला नाही. “हेच हायेत किसनराव. माहे मालक.”

दारात सासू आली. शेजारची चार माणसं जमली, पण कुणी पुढं आलं नाही. नागोरावनं समन्स पुढं धरलं. किसनरावनं हात पाठीमागं घेतले आणि खालच्या आवाजात म्हणाला, “काहून असं करून राह्यले, नागोराव? आपलं काही बिनसलं काय? आधी जेवून घ्या, मंग पाहू.”

“मी तुमच्या घरी जेवत नाही,” नागोराव म्हणाला. त्यानं पिशवीतून खळीची डबी काढली, समन्साची नक्कल दारावर चिकटवली, तळहातानं चारी कोपरे दाबले आणि तिथंच उभ्यानं अहवाल लिहिला : इसम समक्ष दाखवून दिला, समन्स घेण्यास नकार दिला, दारास चिकटवले. खाली धुरपताबाईचा अंगठा घेतला. पुन्हा तसाच बिनरेघांचा डाग उमटला.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर नागोरावचं बरंच भागलं असतं. पण तारखेला किसनराव चांगला वकील घेऊन कोर्टात उभा राहिला. त्याचं म्हणणं असं की दिवाळीपासून तो सावळखेडच्या घरी राहतच नाही. घर बायकोसाठी मोकळं आहे, तीच हट्टानं भावाकडे जाऊन बसली आहे. पुरावा म्हणून वकिलानं कोर्टाचेच दोन कागद दाखवले. ‘मिळून आला नाही’, दोन वेळा, खाली नागोरावची सही.

नागोरावला साक्षीला बोलावलं. शपथ घेताना त्याला दिसलं की विमलताई मागच्या बाकावर वही घेऊन बसल्या आहेत आणि धुरपताबाई जमिनीकडे पाहते आहे.

“हे दोन अहवाल तुमचेच?” न्यायाधीशांनी विचारलं.

“माझेच, साहेब. दोन्ही खोटे आहेत.”

कोर्टात कुजबुज झाली. नाझरानं कपाळाला हात लावला.

“दोन्ही वेळा किसनराव घरी होते. माझ्यासमोर होते. मी त्यांच्या घरी जेवलो आणि नाही म्हणून लिहिलं.”

किसनरावचा वकील उठला. “म्हणजे तुम्ही सरकारी कागदावर खोटं लिहिता. मग तिसरा अहवाल खरा कशावरून?”

“तिसऱ्या वेळी मी जेवलो नाही,” नागोराव म्हणाला.

कुणी हसलं नाही. न्यायाधीशांनी उत्तर जसंच्या तसं लिहून घेतलं. मग धुरपताबाईला पुढं बोलावून हात दाखवायला सांगितला आणि तेही कागदावर घेतलं.

धुरपताबाईला पोटगी मंजूर झाली. वेगळं राहायचा तिचा हक्क कोर्टानं मान्य केला आणि ते दोन एकर वावर तिच्याच नावावर राहिलं. अंगठ्याबद्दल वेगळी फिर्याद विमलताईंनी लिहवून घेतली. ती पुढं दोन वर्षं रेंगाळली आणि किसनराव दंड भरून सुटला. नागोरावला खोट्या अहवालांसाठी कामावरून निलंबित केलं. कोर्टातले सोबती त्याला वेड्यात काढत. ‘एवढं सांगायची काय गरज होती?’ म्हणत. त्यालाही आता त्यांच्याजवळ बसवत नसे.

धुरपताबाईनं त्याचे आभार मानले नाहीत. तिनं मानले असते तर ते ऐकून घेणं त्याला जड गेलं असतं.

निलंबनाच्या दुसऱ्या महिन्यात विमलताईंचा निरोप आला. बुधवारी बोरीला यावं, बायकांना समन्स म्हणजे काय ते सांगावं. तो गेला. पडवीत तीसेक बायका होत्या. काही जणी तांड्यावरून आल्या होत्या. त्यांच्यात रुपीबाई नावाची वयस्कर बाई पुढंच बसली होती. विमलताईंनी त्याची ओळख करून देताना काही झाकलं नाही.

नागोरावनं उभ्यानं सगळं सांगितलं. समन्स कसं निघतं, बेलिफ कसा फसवतो, तारीख कशी टाळली जाते, आपण सोबत जाऊन माणूस कसा दाखवायचा, अहवालाची नक्कल कशी मागायची. बोलताना त्याला बायकांचे चेहरे दिसत होते. वाटेत सडलेलं काही आडवं आल्यावर माणूस जसं पाहतो, तशा त्या त्याच्याकडे पाहत होत्या. रुपीबाई बाजूला वळून थुंकली. तो थोडा थांबला, मग पुढं बोलू लागला.

बोलून झाल्यावर रुपीबाईच म्हणाली, “माह्या लेकीच्या कागदावर बी असंच लिवून आलं. चार महिने झाले. आता का कराचं?”

“कागद आणला आहे का?” नागोरावनं विचारलं.

तिनं कमरेची पिशवी सोडली. तो खाली बसला आणि कागद वाचायला घेतला. रुपीबाई त्याच्यापासून हातभर लांबच बसून राहिली.